आमची वाटचाल : बंद पडलेल्या कार्डाचं ऐकून घेताना

२०११ साली भोसरी एमआयडीसीत एका भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या धाकट्या भावाने काम सुरू केलं. पहिलं उत्पादन मोबाईल स्टार्टर. शेतकऱ्याने एसएमएस पाठवला की विहिरीवरची मोटर चालू. शेतीची थ्री फेज लाईट कित्येकदा रात्रीची असते. अंधारात साप-विंचवाच्या वाटेने कुणाला विहिरीवर जावं लागू नये, एवढ्यासाठीच हे करायचं ठरवलं होतं.

दोन वर्षं बरी गेली. मग निफाडकडून फोन येऊ लागले. एक काका म्हणाले, “साहेब, रात्री मोटर लावून झोपतो आणि सकाळी बघतो तर कांद्याचे वाफे कोरडे.” कार्ड, म्हणजे स्टार्टरमधला चिपचा बोर्ड, रिसेट होऊन नव्याने सुरू झालं तर मोटर आपोआप लागू नये अशी सोय आम्हीच सुरक्षेसाठी केली होती. म्हणजे कार्ड मध्येच रिसेट होत होतं, एवढं नक्की.

पहिला संशय कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटरची लाईट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर. त्याच्या कॉइलला विजेचे झटके शोषणारा स्नबर लावला, पॉवर सप्लाय बदलला, तीनदा कार्डं बदलली. परत आणलेलं कार्ड आमच्या टेबलावर आठ-आठ दिवस बिनबोभाट चालायचं. ती एसटी, ते भाडं, कशाचंच काही वाटलं नाही. काकांच्या समोर उभं राहून “बघतो” म्हणायची मात्र लाज वाटायची.

अखेर भावाने मूळ प्रश्न विचारला : रिसेट कशामुळे झाला, हे चिप स्वतः सांगते ना? सांगते. आमच्या एसटीएम३२ चिपमध्ये त्यासाठी वेगळं रजिस्टर, म्हणजे आतली छोटी नोंदीची जागा, आहे. ते जपून ठेवलं तर कळलं की व्होल्टेज पडलंच नव्हतं, रिसेट वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्राम अडकला की चिप रिसेट करणाऱ्या टायमरने, केला होता. म्हणजे दोष लाईटचा नव्हता, प्रोग्रामचा होता. आमचा होता.

या चिपमधला कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर कोसळतो तेव्हा तो मुकाट्याने जात नाही. आठ रजिस्टरं स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेत, ठेवून हार्डफॉल्टच्या (गंभीर बिघाडासाठीच्या) फंक्शनमध्ये येतो. त्यांत पीसी असतो, म्हणजे प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर होता ते. आणि एलआर, म्हणजे परतीचा पत्ता. आमच्या त्या फंक्शनमध्ये काय होतं? तयार मिळालेली रिकामी, न संपणारी लूप. प्रोसेसर तिथे फिरत राहायचा, वॉचडॉग वैतागून रिसेट द्यायचा आणि सगळी साक्ष जायची. त्या जागी आम्ही नवीन कोड लिहिला. ती आठ रजिस्टरं आणि वरचा थोडा स्टॅक, सुरू होताना शून्य न होणाऱ्या रॅमच्या कोपऱ्यात ठेवायचा. रिसेटनंतर ते सगळं फ्लॅशमध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, उतरवायचं.

तिसऱ्या आठवड्यात निफाडचं कार्ड पडलं. नोंद वाचली. पीसी : ३६३३३९३० (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकांत). आमच्या चिपमध्ये या पत्त्यावर काहीच नाही. पण बाइट सुटे करून उलटे लावले की ३०, ३९, ३३, ३६ होतात, आणि आस्कीत, म्हणजे अक्षरांच्या आकडी संकेतांत, ही अक्षरं आहेत : ०, ९, ३, ६. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संकेतांत, ०९३६ म्हणजे ‘श’. अंगावर काटा आला. स्टॅकवर त्याच्या पुढे ०९४७, ०९२४, ०९१५, ०९३०, ०९४० होतं. ‘शेतकरी’!

एलआर अजून एसएमएस वाचणाऱ्या फंक्शनकडेच बोट दाखवत होता. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, म्हणून आम्ही १६४ बाइटची जागा ठेवली होती. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, पण आमचं मोडेम, म्हणजे कार्डावरचा मोबाईलचा भाग, प्रत्येक अक्षर चार हेक्स अंकांत देतं. ७० चोक २८०. शेतीसल्ल्याचा मराठी एसएमएस सिमवर आला की तो जागेबाहेर सांडून परतीच्या पत्त्यावर चढायचा. शिवाय चालू होताना आमचाच प्रोग्राम सिममधले जुने एसएमएस पुसायचा, म्हणून तो एसएमएस नंतर सापडायचाच नाही. ऑफिसच्या सिमवर मराठी एसएमएस कधी आलाच नव्हता. मराठी माणसांनी मराठी शेतकऱ्यांसाठी केलेलं यंत्र मराठीवर अडखळलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ती घेऊन मी स्वतः गावोगाव गेलो, प्रत्येकाला चूक आमची होती हे सांगितलं. कुणीही कार्ड परत केलं नाही.

हळूहळू दुसरे कारखानदार त्यांची पडणारी कार्डं घेऊन येऊ लागले. कुणाचा स्टॅक अपुरा, कुणाचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा इशारा, भलत्या वेळी. आज आमचं निम्मं काम हेच आहे. नव्या मुलांना मी १९९७ च्या मार्स पाथफाइंडरचं उदाहरण देतो : मंगळावर यान पुन्हा पुन्हा रिसेट होत होतं, आणि इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे कमी महत्त्वाच्या कामामुळे महत्त्वाचं काम अडकणं, पकडलं, मग दुरुस्ती वर पाठवली. “रिसेट केलं, चालू झालं” असं सांगून कुणी कार्ड बाजूला ठेवलं तर मी ते परत टेबलावर ठेवायला लावतो.

स्टार्टर अजून बनवतो. नवीन आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिच्या सिमवर पूर्ण ७० अक्षरांचा मराठी एसएमएस जातो. त्यात ‘शेतकरी’ हा शब्द असतोच, आणि तो एसएमएस काकांनीच एकदा फोनवर सांगितलेला आहे.