विजापूरहून परतताना पोटात काय असावं: माझा अनुभव

माझी पहिली बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, सोलापूर-विजापूर रस्त्यावरच्या झळकी गावाच्या अलीकडे एका बाभळीखाली संपली. फेब्रुवारीतली दुपार होती, अडीच वाजले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते, हात थरथरत होते आणि डोकं इतकं बधिर झालं होतं की सोलापूर अजून किती लांब आहे, हा साधा हिशेबही जमेना. मागून आलेले एक काका थांबले. त्यांनी आधी माझ्या दोन्ही बाटल्या उघडून पाहिल्या, मग विचारलं, "सकाळपासून खाल्लास काय बे?"

मी सांगितलं. पहाटे पाचला तीन धपाटे, दही आणि वर भरपूर शेंगाचटणी. वाटेत फक्त पाणी. विजापुरात कार्डावर शिक्का घेतला आणि भूक खवळली म्हणून पोटभर थाळी. काकांनी गुळाचा खडा आणि मिठाची चिमूट हातावर ठेवली, मी उठून बसेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आज घरी फोन कर, गाडी येऊ दे. पुढच्या वेळी खाण्याचा हिशेब करून निघ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम ही शर्यत नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, मधल्या ठिकाणांवर वेळेत शिक्के घ्यायचे, एवढंच. १०० किलोमीटरचा टप्पा ६ तास ४० मिनिटांत गाठावा लागतो. सकाळी सहाला निघून मी विजापूरला सव्वाअकराला पोचलो होतो, म्हणजे हातात सव्वा तासाहून जास्त वेळ शिल्लक होता. पाय कमी पडले नव्हते. चुकलं होतं ते सगळं खाण्यात.

शेंगदाण्यात जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं. आपल्या सोलापूरकरांचा जीव शेंगाचटणीत आहे, माझाही आहे. पण स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढं सरकतात आणि सायकल चालवताना रक्त पायांकडं, उन्हात त्वचेकडं वळलेलं असतं. निघण्याच्या तासभर आधी खाल्लेले धपाटे भीमेचा पूल ओलांडेपर्यंत छातीशी बसून होते. दुसरी चूक त्याहून मोठी. यकृत आणि स्नायूंत मिळून साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरीच्या आसपास. ती काही तासांत संपत जाते. वरून भर घातली नाही तर अचानक दिवे गेल्यासारखं होतं. सायकलवाले त्याला 'बाँक' म्हणतात. मी ती भर एकदम थाळीनं घालायला गेलो आणि जेवण पचवायचं की पेडल मारायचं, यात शरीर अडकलं.

ऑगस्टपासून दर रविवारी मी तुळजापूरला जायला लागलो. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, शेवटी चढ. देवीचं दर्शन व्हायचंच, पण खरा हेतू पोटाला चालत्या सायकलवर खायची सवय लावणं हा होता. हे कुणी सांगत नाही, म्हणून आवर्जून लिहितोय. पायांसारखाच पोटालाही सराव लागतो. सुरुवातीला तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं घेतली तरी मळमळायचं. ऑक्टोबरपर्यंत ४५ ते ५० ग्रॅम विनातक्रार जिरायला लागले. एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, लहान लिंबाएवढा गुळाचा खडा २० च्या आसपास, १०० ग्रॅम उकडलेला बटाटा १८-२०. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून मोजून हे आकडे मला पाठ झाले.

प्रत्येक पदार्थाचा स्वभाव रस्त्यावरच कळला. राजगिऱ्याचा लाडू घशाला कोरड पडली की तोंडात भुसा होतो. खजूर उत्तम, पण बिया घरीच काढून न्याव्यात. केळी जर्सीच्या मागच्या खिशात दोन तासांत लगदा होतात, त्यामुळं ती वाटेत विकत घेणं बरं. आईचा आग्रह शेंगापोळीचा. "ने की रे, आठ दिवस टिकते." तिचं खरं होतं, सपाट रस्त्यावर सावकाश जाताना अर्धी पोळी छान चालली. तुळजापूरच्या चढाला मात्र आंबट ढेकर आले. तिला सांगितलं तेव्हा तिनं काही न बोलता पुढच्या रविवारी पातळ गूळपोळी केली, कूट अगदी नावाला, आणि तिचे चार चार तुकडे करून कागदात गुंडाळून दिले. माझ्या खिशात आजही तेच असतात.

आणि बटाटे! लहान बटाटे उकडून, सोलून, मिठात घोळवून प्लास्टिकच्या पिशवीत. यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला. कारण पुढं येईल.

पाण्याचं गणित वेगळं. पहिल्या वेळी काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते आणि मी नुसतं पाणी पीत होतो. घामातून मीठ जातं, साध्या पाण्यानं ते भरून येत नाही. त्यावर मी ओआरएस सुरू केलं आणि वाटलं, आता ताकदही मिळेल. तसं नाही. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असतं. ते पाणी आणि क्षार पोचवण्यासाठी आहे, जेवण म्हणून नाही. शिवाय पाकीट एक लिटरचं आणि माझी बाटली ७५० मिलिलिटरची. पूर्ण पाकीट त्यात टाकलं की द्रावण घट्ट होतं आणि पोट बिघडतं. आता मी घरीच पाऊण-पाऊण पाकिटाच्या पुड्या बांधून नेतो. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी.

डिसेंबरात पुन्हा नाव दिलं. दोन दिवस आधीपासून मटकी, पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी बंद. एरवी भाकरीशिवाय माझं जेवण होत नाही, पण चोथा कमी असला की वाटेत आडोसा शोधावा लागत नाही. आदल्या संध्याकाळी साडेसातला वरणभात आणि वाटीभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. पहाटे साडेतीनला उठून मऊ भात, पातळ वरण, मीठ, चमचाभरच तूप, वर दोन केळी. सहाला निघेपर्यंत पोट हलकं झालं होतं.

घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावला होता. पहिला साडेसहाला वाजला. अंधार नुकता फिटत होता, थंडी होती, भूक अजिबात नव्हती. तरी गूळपोळीचा तुकडा खाल्ला. भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो, हे मी बाभळीखाली शिकलो होतो. धूळखेडला चहा, होर्तीला दोन इडल्या, मध्ये खजूर. विजापूरला अकराच्या आत शिक्का. या वेळी थाळीकडं पाहिलंही नाही. वाटीभर दहीभात, एक केळं, बाटल्या भरल्या आणि वीस मिनिटांत परत सायकलवर.

परतताना दुपारी एकच्या सुमारास नवीनच अडचण आली. गोडाचा वीट आला. खजूर तोंडाजवळ नेला की उमासे यायचे. इथंच माणसं खाणं थांबवतात आणि तासाभरानं कोसळतात. मी बटाट्यांची पिशवी काढली. खारट, मऊ, घशाखाली आपोआप उतरणारे. पुढचे दोन तास फक्त बटाटे आणि ओआरएस. झळकीच्या अलीकडची ती बाभळ दिसली तेव्हा माझे हात हँडलवर स्थिर होते. मी थांबलो नाही, पण रडू आलं, हे खरं.

पाच वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे ११ तास १० मिनिटांत, सोलापुरात शेवटचा शिक्का पडला. घरी आईनं ताटात कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणीचा डोंगर वाढून ठेवला होता. त्या रात्री मी चटणी मोजली नाही.

आता ३०० किलोमीटरच्या बीआरएमची तयारी सुरू आहे. तिला २० तास मिळतात, म्हणजे रात्र रस्त्यावर काढायची. पहाटे दोन वाजता पोट काय स्वीकारतं ते अजून शोधतोय. गेल्या शनिवारी रात्री अक्कलकोट रस्त्यावर दूधभाताचा प्रयोग फसला, या शनिवारी मीठ घातलेली तांदळाची पेज थर्मासमधून नेणार आहे.