लसूण-हळदीचा प्रकल्प आणि परवानगीचं पत्र

लसूण, हळद, मध आणि कडुलिंब जिवाणूंची वाढ खरंच रोखतात का, हा माझा अकरावीचा विज्ञान प्रकल्प. प्रयोग दोन-तीन दिवसांत उरकला. जीव काढला तो परवानगीने, आणि त्याचा राग अजून आहे.

आमच्या कॉलेजात ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र, नाही. जवळच्या एका वरिष्ठ महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम लगेच तयार झाल्या. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू आणि ई. कोलाय या जिवाणूचा निरुपद्रवी वाण त्यांच्याकडे होता. 'फक्त आमच्या प्राचार्यांची सही आण,' म्हणाल्या.

त्यांच्या ऑफिसात अर्ज दिला, तर 'विषय नीट लिहा'. विषय लिहिला, तर 'बाहेरच्या विद्यार्थिनीची जबाबदारी कोणाची?' मग पालकांचं हमीपत्र. ते नेलं, तर क्लार्ककाका म्हणाले, 'जंतू घरी नेणार का तुम्ही?' मी नाही म्हटलं, तर म्हणाले, तसं अर्जात कुठंय? दर वेळी एकच त्रुटी सांगायचे, पुढची पुढच्या खेपेला. माझा अर्ज आवक शिक्का मारून ट्रेमध्ये तसाच पडलेला मला खिडकीतून दिसायचा, वर नवे कागद चढत जायचे. प्रदर्शनाची तारीख जवळ येत होती. एकाने सुचवलं, दाराच्या कडीवरून कापूस फिरव आणि घरीच वाढव. मी साफ नकार दिला. कडीवरचं काय वाढेल ते कुणालाच माहीत नसतं, त्यात रोगजंतूही असू शकतात. आयसेफसारख्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यातही घरी जिवाणू वाढवायला बंदी आहे.

शेवटी आमच्या बाईंनी लिहून दिलं: 'सर्व काम तुमच्या प्रयोगशाळेत, माझ्या उपस्थितीत होईल. प्लेट्स तिथेच नष्ट केल्या जातील.' त्याच दुपारी सही झाली. ही दोन वाक्यं पहिल्याच अर्जात घाला, जिवाणूंची नावं लिहा आणि झेरॉक्सवर पोच घ्या.

प्रयोगाचं थोडक्यात: प्लेटमधल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) जिवाणू पसरले, खड्डे पाडून रस भरले, रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं. लसणाभोवतीचं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे जिथे जिवाणू वाढलेच नाहीत ती जागा, सगळ्यात मोठं. बशी उजेडाकडे धरली तेव्हा दुधट थरात ते काचेसारखं आरपार दिसलं, आणि मला फार आनंद झाला. लसूण ताजाच ठेचा. ठेचल्यावरच त्यात ॲलिसिन हा जिवाणूंना रोखणारा घटक तयार होतो, उकळलेल्या अख्ख्या पाकळीत तो होत नाही. पाण्यात कालवलेल्या हळदीने काहीच दाखवलं नाही, कारण हळदीतला करक्युमिन हा मुख्य घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून हळद अल्कोहोलमध्ये घेतली आणि शेजारच्या खड्ड्यात नुसतं अल्कोहोल भरलं, म्हणजे परिणाम हळदीचा की अल्कोहोलचा ते कळावं. परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच खड्ड्याबद्दल विचारला.

आणि हो, प्लेट्स टाकण्याआधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायच्या असतात. ते यंत्र कोण, कधी लावून देणार हे सहीच्या दिवशीच ठरवून घ्या.