हातकाटा आणि तिसरे ध्रुवपद

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका गावाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. गेल्या कार्तिकात नववीच्या मुलांनी कापूसवेचणीवर स्वतः रचलेल्या गाण्याचा व्हिडिओ करायचे ठरले आणि त्याच्या आखणीसाठी आम्ही एक शनिवार राखून ठेवला. दोन तासांत आटोपेल असे वाटलेले काम संध्याकाळपर्यंत चालले, ते एका मुलीच्या प्रश्नामुळे.

मुलांनी कथा आधीच जुळवून आणली होती : कर्जबाजारी बाप, सावकाराची फेरी, कडुनिंबाची फांदी आणि शेवटी झाडाखाली पडलेल्या चपला. बापाची भूमिका कोणी करायची यावर वाद रंगला असताना मागच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली.

"सर, गाणं वेचणीचं हाय ना? मंग वेचणारी कुठी हाय याच्यात? माही माय दिवसभर वावरात असते."

वर्ग गप्प झाला. गाण्याच्या प्रत्येक कडव्यात वेचणारे हात होते आणि आमच्या कथेत वेचणारी एकही बाई नव्हती. आमच्या जिल्ह्यातील ते दुःख खरे आहे, ते सोसलेल्या घरांतील मुले माझ्या वर्गांत बसतात, आणि म्हणूनच गाण्याला शेवट हवा एवढ्यासाठी ते वापरणे मला मान्य होईना. मी फळा पुसला.

माय आणि सुटीच्या दिवशी तिच्यासोबत वेचायला जाणारी लेक, ही दोन पात्रे लगेच ठरली. अडले ते पुढे, कारण पात्राला काय हवे आहे हे कळल्याशिवाय कथा हलत नाही. कोणी म्हणाले, कर्ज फिटावे. कोणी म्हणाले, लेकीने साहेब व्हावे. तीन मिनिटांच्या गाण्यात एवढी मोठी मागणी मावत नाही. मग त्या मुलीनेच सांगितले की मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे संध्याकाळी हातकाट्याला गाठोडे लटकले की सगळ्या बायांचे डोळे काट्यावर खिळतात. तिथे आम्हाला कथा मिळाली : लेकीला आज आपले गाठोडे मायच्या गाठोड्याइतके भरायचे आहे.

शेजारच्या वावरातून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक फांदी आणली आणि तिने वेचून दाखवले. वाळलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी टोचतात; तिने तीन बोटे पाकळ्यांच्या आत घालून चारही पाकळ्यांतला कापूस एकाच ओढीत काढला, वाळक्या पानाचा कण फुंकून उडवला आणि कापूस ओढणीच्या ओटीत टाकला. तिच्या नखाशेजारी जुन्या ओरखड्यांच्या बारीक रेषा होत्या. पहिले दृश्य चेहऱ्याचे नव्हे, या बोटांचे घ्यायचे, यावर मग कोणाचेच दुमत राहिले नाही.

गाणे केरवा तालात आहे. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत आठ मात्रांचे एक आवर्तन ६ सेकंदांचे होते आणि चार आवर्तनांचे ध्रुवपद २४ सेकंदांचे. ते तीनदा येते. शब्द तेच असल्यामुळे दृश्याने पुढे सरकले पाहिजे, म्हणून पहिल्या ध्रुवपदाला लेकीची रिकामी ओटी, दुसऱ्याला अर्धी भरलेली आणि तिसऱ्याला हातकाट्यावरचे गाठोडे, अशी वाटणी केली. मला खरे तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे तीन वेचे तीन ध्रुवपदांत दाखवायचे होते, पण मुलांना एका दिवसाचीच गोष्ट हवी होती आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. लेकीचे गाठोडे मायच्या गाठोड्यापेक्षा हलके भरेल, हेही त्यांनीच ठरवले. दिवसभर वेचूनही मायची बरोबरी होत नाही, हे लेकीला काट्यावर कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

संध्याकाळी आम्ही त्या मुलीच्या आईला भेटलो आणि मायची भूमिका कराल का, असे विचारले. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "करीन गुरुजी, पण वेचणं काही थांबवणार नाही. तुमी माह्या मागं मागं या. अन् लवकर येऊ नका, दव वाळल्याबिगर मी कापसाले हात लावत नाही."

दुसऱ्या दिवशी मुलांनी कागदावरची सकाळी सातची वेळ खोडून दहा केली आणि मायला थांबवून घ्यायची सगळी दृश्ये काढून टाकली.