तिवा झालेल्या जनावराला बाटलीने पाजू नका

पावसाळ्यात चिलटं आणि डास वाढले की तिवा, म्हणजे गाई-बैलांचा तीन दिवसांचा ताप, येतोच. आदल्या संध्याकाळी निवांत रवंथ करणारी गाय सकाळी थरथरत उभी असते, तोंडातून लाळ गळतेय, वैरणीला तोंड लावत नाही, ताप 105-106 च्या घरात, आणि लंगडणं तर असं की आज पुढचा पाय ओढते तर उद्या मागचा. 2022 ला लंपीने, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाने, आपल्याकडे जो हाहाकार केला त्यानंतर ताप आला की लोक आधी अंगावर गाठी चाचपतात, ते बरोबरच आहे, चाचपाच. पण गाठी नाहीत आणि पाय बदलून लंगडतंय, तर बहुतेक तिवाच समजा.

दोन्ही रोग व्हायरसचे आणि दोन्ही चावणाऱ्या किड्यांमार्फत पसरतात. पण लंपीत आजारी जनावर वेगळं बांधून थोडा तरी फायदा होतो, तिव्यात शेजारी बांधलं म्हणून लागण होत नाही, किडा चावावा लागतो.

आता ज्याच्यासाठी लिहितोय ते. तिवा साधारण तीन दिवसांत उतरतो, बहुतेक जनावरं उठतात, मरतात ती थोडीच. पण त्यातली काही आपल्याच हाताने जातात हो! या तापात घशाचे स्नायू ढिले पडतात, नीट गिळता येत नाही, आणि आपण काळजीपोटी मान वर धरून बाटलीने काढा, गूळपाणी, तेल ओततो, ते सरळ फुफ्फुसात जातं. मग निमोनिया. लोक म्हणतात तिव्याने गेली. म्हणून तोंडाने जबरदस्ती काहीच नको, डॉक्टरांना बोलवा, तापाचं आणि गरज असेल तर कॅल्शियमचं ते इंजेक्शनने देतात. प्यायला पाणी समोर ठेवा, तिचं ती पिईल.

बसून राहिली तर खाली भुसा किंवा पाचट जाड अंथरा, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला, उन्हात पडू देऊ नका. बैल बरा वाटला तरी लगेच औताला जुंपू नका, आठवडाभर तरी थांबा. भरपूर दूध देणाऱ्या गाया आणि धष्टपुष्ट बैल यांनाच हा जास्त झोडपतो, दूध एकदम आटतं आणि त्या वेताला पुन्हा पहिल्याइतकं येईलच असं नाही.

आणि गोठ्यामागचा शेणामुताचा चिखल आधी उपसा, चिलटांची पैदास तिथेच होते.