तुम्ही विचारलंत म्हणून: बॉर्डरवर होतात का?

काकू तुम्ही कारगिलच्या वेळी आर्मीत होतात ना, मग बॉर्डरवर गोळीबार बघितला का? सोसायटीतली पोरं विचारतात, लग्नाकार्यात भेटलेली माणसं विचारतात आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस जवळ आला की शाळांमधे भाषणाला बोलवतात तिथे तर पहिला प्रश्न हाच. तर विचारलंत म्हणून सांगते, नाही बघितला. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधे होते, श्रीनगरला ९२ बेस हॉस्पिटलमधे, गोळीबार नाही पण तो लागलेली माणसं बघितली. हे ऐकून समोरच्याचा चेहरा जरा पडतोच, असो.

जखमी जवान आधी त्याच्या पलटणीच्या आरएपीत जातो, रेजिमेंटल एड पोस्ट, तिथे डॉक्टर आणि नर्सिंग असिस्टंट पोरं असतात. खरे पुढे होते ते हे लोक, त्यांना कोणी भाषणाला बोलवत नाही. तिथून एडीएस, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल असं करत हेलिकॉप्टरने आमच्याकडे. हल्ले बहुतेक रात्री व्हायचे, कारण द्रास-बटालिकचे ते उघडे बोडके चढ दिवसा चढायचे म्हणजे वर बसलेल्याला आयतं टार्गेट, आणि हेलिकॉप्टर उडायचं उजाडल्यावर, त्यामुळे आमची झुंबड सकाळी. जून १९९९ मधे द्रासच्या तोलोलिंग शिखराची लढाई चालू होती तेव्हा वर काय चाललंय ते आम्हाला बातम्यांच्या आधी स्ट्रेचर बघून कळायचं.

पहिलं काम कात्रीचं. कपडे काप, बूट काप, जखमा किती आहेत ते पुढून मागून बघ. एका पोराच्या मांडीत स्प्लिंटर, म्हणजे फुटलेल्या बॉम्बगोळ्याचा तुकडा, बीपी खाली गेलेलं, आणि तो मला म्हणतो मॅडम बूट मत काटो, इश्यू के हैं, हिसाब देना पडेगा. म्हटलं हिसाब मैं दूंगी, आणि पुढे मराठीतच, गप पड बाळा. गप पडला.

लोकांना वाटतं जखम झाली की टाके घालायचे. युद्धातली जखम तशी लगेच शिवत नाहीत हो. स्प्लिंटर आत जाताना माती, कापडाचे तुकडे सगळं घेऊन जातो, ते तसंच बंद केलं तर आत पू होणार, गॅस गँगरीनसुद्धा होऊ शकतं, म्हणजे जंतूंनी मांस सडत जातं, म्हणून सर्जन मेलेलं मांस काढून टाकतात, जखम उघडीच ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर टाके. ते मधले दिवस नर्सचे. ड्रेसिंग बदलायचं, ताप बघायचा, आणि जखमेचा वास घ्यायचा, हो, वास, बिघडायला लागली की कित्येकदा आधी नाकालाच कळतं.

त्याहून वाईट फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीने हातापायाची बोटं गोठणं. गोठलेली बोटं चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत, कोमट पाण्यात गरम करायची आणि मग नुसती वाट बघायची, कारण मेलेला भाग कुठे संपतो ते स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि घाई करून कापलं तर वाचणारं बोटही जायचं. पोरगा रोज सकाळी विचारणार, मॅडम रहेंगी क्या? आपण रोज म्हणायचं, देखते हैं. खोटं पण बोलवत नाही आणि खरं कोणालाच माहीत नसतं.

म्हणून २६ जुलैला युद्ध संपलं म्हणतात तेव्हा मला ते पटायला जड जातं. वॉर्ड भरलेलाच होता. ५२७ शहीद हा आकडा शाळेतल्या पोरांना पाठ असतो, पण जखमी किती? सरकारी आकडा १३६३ आहे, आजवर एकाही शाळेत कोणी सांगितलेला नाही. पाय गेला की पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला जायचं, मणक्याला लागलं असेल तर खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर आहे, ही दोन्ही ठिकाणं पुणेकरांच्या रोजच्या रस्त्यापासून किती लांब आहेत सांगा बरं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, सिस्टर होतात मग कॅप्टन कशा? अहो आम्हाला कमिशन असतं, म्हणजे अधिकाऱ्याचा हुद्दा, १९४३ पासून, आणि १९७६ मधे जी. ए. राम मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यातल्या पहिल्या बाई मेजर जनरल त्या, आणि त्या नर्सच होत्या. तिसरा प्रश्न बायका हळूच विचारतात, लग्न उशिरा का केलंत. मी लागले तेव्हा लग्न केलं की सर्व्हिस जाऊ शकते असा नियमच होता, १९९५ मधे तो काढला. १९८८ मधे एका लेफ्टनंटला लग्न केलं म्हणून घरी पाठवलं होतं, ती कोर्टात गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने तिला ६० लाख द्यायला सांगितले. छत्तीस वर्षं लागली! मी पेपर वाचताना आधी टाळी वाजवली आणि मग खूप चिडले.

आणि मुलींच्या आया विचारतात, मिलिटरी नर्स व्हायला काय लागतं, ते पण सांगून टाकते. बारावी सायन्स, बायोलॉजी हवंच, नीट द्यायची, बी.एस्सी. नर्सिंगचं एक कॉलेज पुण्यात एएफएमसीला, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधे आहे. वास सहन होत नाही म्हणाली तर काळजी करू नका, सुरुवातीला कोणालाच होत नाही.