डाव्या बाजूचं काय?

२०२१ च्या पावसाळ्यात कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. त्याच ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी आणि चरबी वर घेऊन नवा आकार करून दिला. घरी आले तेव्हा मनाशी धरूनच चालले होते, की डावीकडचं आता संपलं, जपायचं ते उजवीकडचं. डॉक्टरांनी पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी हाताने तपासून घ्यायला सांगितलं होतं. शिवाय उजव्या बाजूची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, दरवर्षी. २०२३ मध्ये रोपलावणीच्या गडबडीत एक फेरी चुकली, आणि दिवाळीनंतर आंघोळ करताना डावीकडे खालच्या टाक्यांजवळ बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं.

दोन रात्री कुणाला बोलले नाही. तिसऱ्या सकाळी जाऊबाईंना हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं आणि कपाटातून माझी फाईल काढून पिशवीत घातली.

खानापूरहून बेळगावच्या कर्नाटक सरकारच्या साध्या बसला आता बायकांना पैसे पडत नाहीत, आधार कार्ड दाखवलं की झालं. वर्षाची मॅमोग्राफीही राहिलीच होती, म्हणून आधी एका तपासणी केंद्रात गेलो. फॉर्म कन्नडमध्ये. काउंटरवरच्या मुलीने भराभर भरला, गाठीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही घाबरून बोलले नाही. आत मशीनवरची बाई म्हणाली, ‘उसिर हिडीरि, अक्का.’ मी श्वास धरला. तासाभरात रिपोर्ट हातात आला, त्यात काही दोष नव्हता. मला रडूच आलं. जाऊबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘अगं, हे उजव्या बाजूचं आहे. डाव्या बाजूचं काय?’

खरंच, डावीकडचा फोटो काढलाच नव्हता. त्यात त्या केंद्राची चूक नव्हती, हे पुढे सर्जननी समजावलं. पूर्ण स्तन काढल्यावर त्या बाजूची नेहमीची मॅमोग्राफी सहसा करत नाहीत. मूळ स्तनाचा जवळपास सगळा भाग गेलेला असतो. आजार परत आलाच तर बहुतेक वेळा कातडीत, कातडीखाली नाहीतर छातीच्या भिंतीवर येतो, आणि तो डोळ्यांना दिसतो किंवा बोटांना लागतो. म्हणून त्या बाजूची खरी तपासणी हाताचीच. मी नेमकी तीच फेरी चुकवली होती.

सर्जननी बसवून, हात वर करायला लावून, मग झोपवून तपासलं. टाक्यांच्या रेषेवरून बोटं फिरवली, काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागाही बघितली. मग सोनोग्राफी. त्यावरूनही नक्की सांगता येईना, म्हणून जागा बधिर करून सुईने तुकडा घेतला. दुखलं थोडंच. पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. भाकरी थापताना हात थांबायचे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पोटाची चरबी वर नेली की कधीकधी तिच्या एखाद्या भागाला रक्त पुरत नाही, तो भाग मरतो आणि कडक होतो. तीच माझी गाठ. असं पुष्कळ जणींना होतं म्हणे. पण नुसत्या हाताने चरबीची गाठ कोणती आणि कॅन्सरची कोणती, हे ओळखता येत नाही. म्हणून ‘चरबीच असेल’ असं कुणी घरी बसून सांगितलं तर ऐकू नका.

दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी सिलिकॉनचा इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची कृत्रिम पिशवी, घेतला होता. त्यांचं गणित वेगळं. इम्प्लांट आतल्या आत फाटला तरी कळत नाही, म्हणून साधारण पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. पण ते इम्प्लांट शाबूत आहे का हे बघायला. आजारासाठी हाताची तपासणी त्यांनाही चुकत नाही.

गाठ काढायची गरज नाही म्हणाले. ती अजून आहे. कुठे आहे, केवढी आहे, हे आता माझ्या बोटांना पाठ झालंय. फाईलच्या पहिल्या पानावर ऑपरेशनचा कागद लावलाय. कुठल्याही काउंटरवर आधी तो पुढे करते आणि गाठीचं स्वतःहून सांगते. कन्नडमध्ये गाठीला ‘गंटु’ म्हणतात, तेवढा शब्द मुद्दाम शिकून घेतला.