आता जेवूक वाढ

बुधवार, रात्रीचे साडेअकरा. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि मला झोप नाही. कारण सांगितलं तर हसाल. आबांनी दोन बर्गर खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायले, जागचे हलले नाहीत आणि म्हणाले, "बरा झाला. आता जेवूक वाढ."

जेवूक वाढ! मग ते काय होतं?

मासेमारी बंद, बांगडा नजरेला पडत नाही, म्हणून हा खटाटोप. आमची मनू तिकडे परदेशात टर्कीच्या खिम्याचे बर्गर करते. कामावरून आल्यावर, वीस मिनिटांत. तिला खिमा पाकिटात तयार मिळतो. वेंगुर्ल्यात टर्की कुठली! मी कोंबडीचं छातीचं मांस मिक्सरमधून फिरवलं. बाकी तिनं सांगितलेलं सगळं पाळलं. चरबी कमी, कोरडं पडतं, म्हणून कांदा किसून घालायचा. फार मळायचं नाही, चिवट होतं. मधोमध अंगठ्यानं खळगी करायची, म्हणजे तव्यावर फुगून लाडू होत नाही. ती थर्मामीटर खुपसून आत ७४ अंश झाले का बघते, माझ्याकडे सुरी. अर्धा चमचा मालवणी मसाला घातला, ते तिला सांगणार नाही. हल्ली तसंही बरंच काही सांगत नाही आम्ही एकमेकींना. असो.

तिच्या वीस मिनिटांचा माझा सव्वा तास झाला. पाव सकाळच्या सायकलवाल्याचे, लोण्यावर भाजलेले. ह्यांनी तिसरा उचलताना मोबाइलमधून मान वर केली नाही, ते सोडा. पण जेवूक वाढ? २६ वर्षं भात वाढतेय. एक दिवस नाही वाढला, तर काहीच वाढलं नाही? कांदा किसताना बोट किसलं, ते कुणाला दिसलंसुद्धा नाही.

रागारागानं कुकर लावला. उकडा तांदूळ, तो काय लवकर शिजतोय! शिट्ट्या मोजत ओट्याला टेकून उभी राहिले. भात, कालची कुळथाची पिठी, लोणचं. आबा मुकाट जेवले, ताटात शीत ठेवलं नाही.

मागचं आवरताना उरलेला बर्गर उभ्याउभ्याच खाल्ला. चांगला झाला होता हो, ओलसर, मसाला बेताचा. हात धुतले, दिवा मालवायला गेले आणि परत फिरले. कुकरमध्ये दोन मुठी भात होता. त्यावर पिठी ओतली आणि खाली बसून नीट जेवले.

तेवढ्यात मनूचा मेसेज. "कसे झाले? फोटो पाठव."

फोटो काढायचा राहिलाच. आणि आता ताटात भात.